मेपलची गळती

इसोगाईसाहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले त्याला अकरा महिने होत आले होते, आणि आपल्यावाचून घरात काहीही अडत नाही, ही गोष्ट एवढ्या अवधीत त्यांच्या पुरेपूर लक्षात आली होती. सदतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या गळती विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. रस्त्याच्या पोटात कुठे पाणी झिरपत असेल तर लोखंडी दांडी जमिनीला टेकवून कानाला लावायची, आवाज ऐकायचा आणि नेमक्या जागी खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. शहरभर त्यांच्या फुल्या बरोबर निघाल्या. घरी मात्र नळ गळायला लागला तर त्यांच्या पत्नी तोकिएबाई स्वतःच पाना घेऊन वायसर बदलत. का, तर म्हणे, ‘तुम्ही आधी पाहणीचा अहवाल लिहायला बसता.’

त्यात तोकिएबाईंच्या मैत्रिणी निवृत्त नवऱ्यांना ‘ओली पानं’ म्हणायच्या. कितीही झाडा, चिकटून बसतात. हे बोलणं साहेबांच्या कानावर सरकत्या दारामागून एकदा पडलं आणि त्या दिवसापासून बायको ज्या खोलीत येईल त्या खोलीतून ते उठून दुसरीकडे जाऊन बसू लागले. दुसरीकडेही करण्यासारखं काही नसायचं. घराच्या उपयोगी पडेल असं एक तरी काम आपल्या हातून व्हावं आणि ते तोकिएबाईंनी डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाने याहून कमी काय मागायचं?

असं काम त्यांना अंगणात सापडलं. अंगणातलं मेपल तोकिएबाईंचं. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या डोंगरातून त्यांनी ते वीतभर रोप लोणच्याच्या बरणीत घालून आणलं होतं. आता ते कौलांच्या वर गेलं होतं. दर डिसेंबरात सेन्बा नावाचा म्हातारा माळी यायचा, दिवसभर त्या झाडात बसायचा, दहा वाजता आणि तीन वाजता चहा प्यायचा आणि संध्याकाळी निघून जायचा. झाडाचं त्याने नेमकं काय केलं हे कोणाला सांगता येत नसे, पण झाड हलकं झाल्यासारखं वाटे. यंदा त्याने निरोप धाडला की गुडघे गेले, शिडी चढवत नाही, दुसरा कोणी बघा. तोकिएबाई म्हणाल्या, एक वर्ष नाही छाटलं तर झाड काही रुसत नाही. मग मुलीच्या बाळंतपणासाठी त्या तीन आठवडे नागोयाला गेल्या. जाताना फ्रीजवर एक लांबलचक यादी लावून गेल्या. तिची शेवटची ओळ होती, ‘मेपलला हात लावू नका.’

साहेबांनी यादी दोनदा वाचली. ती ओळ ‘कुंड्यांना पाणी’ या मथळ्याखाली होती. म्हणजे पाणी घालण्यापुरतीच ती लागू होते, छाटणीबाबत यादी गप्प आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सदतीस वर्षं नियमांत वावरलेल्या माणसाला निष्कर्ष काढता येतो.

छाटणीची घाई होती ती एका फांदीमुळे, आणि त्या फांदीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. शेजारी कुरामोचीबाई राहायच्या. वय एक्याऐंशी, एकट्या. मेपलची एक जाडजूड फांदी मधल्या भिंतीवरून त्यांच्या बाजूला गेली होती आणि शरद सरता सरता त्या फांदीची सगळी पानं बाईंच्या दारापुढे पडायची. आता आमच्या गल्लीत दारापुढचं झाडण्याची एक रीत आहे. आपल्यापुढचं झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीतलं फक्त हातभर. हातभर झाडलं नाही तर माणूस चिक्कू ठरतो आणि हाताहून जास्त झाडलं तर ‘तुमचं दार घाण आहे’ असं शेजाऱ्याला तोंडावर सांगितल्यासारखं होतं. पण पानं इसोगाईंची आणि दार कुरामोचींचं, अशा वेळी काय करायचं, याबद्दल रीत काही सांगत नाही.

बारा वर्षांपूर्वी एका नोव्हेंबरात साहेब सहाला झाडू घेऊन बाहेर आले तर बाईंनी सगळं लख्ख झाडून ठेवलेलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्याऐंशीची, म्हणजे तेव्हा एकोणसत्तरची बाई आपला कचरा काढते. दुसऱ्या दिवशी ते साडेपाचला उठले. तिसऱ्या दिवशी बाई सव्वापाचला. पुढच्या वर्षी पाच. असं करता करता गेल्या नोव्हेंबरात प्रकरण सव्वाचारवर आलं होतं आणि तेव्हाही बाईच पुढे होत्या. साहेबांच्या लेखी याचा अर्थ एकच होता. बाई तोंडाने एक शब्द बोलत नाहीत, पण रोज झाडूने सुनावतात. तोकिएबाई म्हणायच्या, ‘त्यांना पहाटे जाग येत असेल. जाऊन विचारा ना.’ विचारा म्हणे. असं काही विचारता येत असतं तर शेजारधर्म इतका अवघड झाला असता का?

तेव्हा फांदीच काढायची, असं ठरलं. रीतीप्रमाणे साहेबांनी आधी समोरच्या तीन घरी आणि दोन्ही शेजारी एकेक टॉवेल देऊन आवाजाबद्दल आगाऊ माफी मागितली. कुरामोचीबाईंना मात्र फांदीचं सांगितलं नाही. ‘तुमच्यासाठी काढतोय’ म्हटलं तर त्यांच्यावर उपकार लादल्यासारखं व्हायचं. फक्त म्हणाले की झाडाची थोडी निगा करायची आहे. बाई म्हणाल्या, जपून करा, आणि दुसऱ्या दिवशी परतभेट म्हणून मुळ्याचं लोणचं आणून दिलं.

समोर उजीए नावाचे गृहस्थ राहायचे. निवृत्त शिक्षक, मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष, आणि ज्याचा अनुभव नाही अशा कुठल्याही विषयावर अधिकाराने बोलणारे. ते टॉवेल हातात घेऊनच अंगणात आले. त्यांचं म्हणणं पडलं की छाटणीला मार्चचा पहिला आठवडा सर्वांत उत्तम, कारण थंडी सरलेली असते आणि माणसाचे हात गारठत नाहीत. झाडाचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, साहेबांनीही विचारलं नाही. मग उजीएंनी शिडीचा कोन तपासला, करवतीला थोडं तेल लावायला सांगितलं आणि ‘मी खाली उभा आहे’ असं म्हणून फोन आला म्हणून घरी गेले.

फांदी कापायला साहेबांना दीड तास लागला. मनगटाएवढी असेल असं खालून वाटलं होतं, ती मांडीएवढी निघाली. मधेच करवत अडकली, टोपी कुरामोचीबाईंच्या बाजूला पडली, आणि शेवटी फांदी अशी काही धाडकन आली की गल्लीतली दोन कुत्री भुंकायला लागली. पण ती आली, आणि भिंतीच्या आतच आली. साहेबांनी शिडीवरून आभाळाकडे पाहिलं. जिथे बारा वर्षांची शरम लोंबत होती तिथे आता निळं आभाळ होतं. दहा वाजलेले बघून त्यांनी स्वतःच स्वतःला चहा करून दिला.

त्यांची पहिली फजिती कचऱ्यावरून झाली. बागेचा कचरा दुसऱ्या बुधवारी, पन्नास सेंटिमीटर लांबीच्या मोळ्या करून, काथ्याच्या दोरीने बांधून ठेवायचा असा नगरपालिकेचा नियम आहे. साहेबांनी एकेक काटकी पट्टीने मोजून कापली, नऊ मोळ्या बांधल्या आणि चौकातल्या कचऱ्याच्या जाळीशी ओळीने लावून ठेवल्या. आठ गेल्या. नवव्या मोळीतल्या दोन काटक्या बांधताना सरकून त्रेपन्न सेंटिमीटरवर गेल्या होत्या. त्या मोळीवर पिवळी चिठ्ठी: ‘नियमात न बसल्याने उचलता येत नाही.’ स्वतः सदतीस वर्षं अशाच भाषेत लोकांना पत्रं धाडलेल्या माणसाला ही चिठ्ठी, तीही चौकात, तीही गल्लीतल्या पाच बायकांसमोर. साहेब मोळी काखोटीला मारून मान खाली घालून निघाले.

दारात कुरामोचीबाई उभ्या होत्या. त्यांनी मोळीकडे पाहिलं, मग वर मोकळ्या आभाळाकडे पाहिलं आणि कमरेत वाकून म्हणाल्या, ‘खूप मेहनत पडली असेल.’ मग जरा थांबून त्यांनी विचारलं, ‘यातल्या दोन काटक्या घेऊ का?’ साहेबांनी चार दिल्या. चुलीला हव्या असतील असं त्यांना वाटलं, आणि बाईंच्या घरी गॅस आहे हे घरी गेल्यावर आठवलं.

त्याच दुपारी झाड गळायला लागलं. आधी साहेबांना वाटलं, छपरावरचं पाणी असेल. पण आठवडाभर पाऊस नव्हता. कापलेल्या खुंटातून थेंब येत होता, टपकत होता, लगेच दुसरा येत होता. साहेबांनी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चव्वेचाळीस. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शहरातली एकही गळती ज्यांनी दोन दिवसांच्या वर टिकू दिली नाही, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच हाताने, आणि झाड कोणाचं, तर तोकिएबाईंचं. लोणच्याच्या बरणीतून आलेलं झाड वाळलं तर बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. मेपल डिसेंबरातच छाटायचं असतं, फेब्रुवारीनंतर त्याच्या अंगात रस चढतो, हे साहेबांनी मुद्दाम आणलेल्या छाटणीच्या पुस्तकात चौदाव्या पानावर लिहिलेलं होतं. साहेब अकराव्या पानावर शिडी आणायला उठले होते.

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. माळ्यावरून निरोपसमारंभात भेट मिळालेली ऐकण्याची दांडी काढली आणि खोडाला टेकवून कान लावला. आत काहीही ऐकू आलं नाही. समोरच्या खिडकीतून उजीएंना मात्र एक माणूस झाडाशी कानगोष्ट करताना दिसला. दुसऱ्या दिवशी साहेब जुन्या खात्यात जाऊन सहा इंची नळाला बसतो तो स्टेनलेसचा पट्टा आणि रबराचं बूच घेऊन आले आणि कापलेल्या खुंटावर पक्कं आवळलं. गळती थांबली. दहा मिनिटं थांबली. मग हातभर वरच्या, करवतीने नुसत्या खरचटलेल्या जागेतून पाणी यायला लागलं. एक भोक बुजवलं की दाब दुसरीकडे फुटतो, हे त्यांनी स्वतःच नव्या पोरांना बावीस वर्षं शिकवलं होतं.

रस गोड असतो. चौथ्या दिवशी पक्ष्यांना त्याची बातमी लागली. सकाळ झाली की बुलबुल थव्याने यायचे, खुंटाशी भांडायचे, पोटभर पिऊन समोरच्या तारेवर जाऊन बसायचे आणि तारेखाली उजीएंची पांढरी गाडी उभी असायची. पहिल्या दिवशी उजीएंनी गाडी धुतली. दुसऱ्या दिवशीही धुतली. तिसऱ्या दिवशी मंडळाची फिरती पाटी घरोघर निघाली: ‘आपल्या भागात पक्ष्यांचा उपद्रव वाढला आहे. कारणाचा शोध चालू आहे. वाचून शिक्का मारावा व पुढच्या घरी द्यावी.’ साहेबांनी पाटी वाचली, आपल्या नावापुढे शिक्का मारला आणि पुढच्या घरी नेऊन दिली. शिक्का सरळ यावा म्हणून त्यांना दोन्ही हात वापरावे लागले.

तोकिएबाई रविवारी यायच्या होत्या. शनिवारी साहेबांनी हात टेकले. चांगल्या तांदळाच्या दारूची बाटली कापडात बांधली आणि नदीपलीकडे सेन्बाच्या घरी जाऊन दारातच गुडघे टेकून बसले. सेन्बा सत्त्याहत्तरचा, पाय शेकत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मांडीएवढी फांदी म्हटल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. उद्या येतो, म्हणाला. बाटली आत ठेवली आणि चहासुद्धा विचारला नाही.

रविवारी सकाळी सेन्बा काठी टेकत आला आणि झाडाखाली उभा राहिला. किती वेळ उभा होता कोण जाणे. साहेब शिडीवर चढून पट्टा दाखवत होते.

‘हे कोणी बसवलं?’ सेन्बाने विचारलं.

‘मी.’

‘काम चांगलंय. नट बरोबर आवळलेत.’ त्याने नाक शिंकरलं. ‘पण साहेब, हे झाड आहे. काढा ते. त्याला रडायचंय तर रडू द्या. पानं फुटली की आपोआप थांबेल.’

‘मरणार नाही ना?’

‘हे झाड? हे आपल्या सगळ्यांना पोचवून मग मरेल.’

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की शिडी हलली. एवढ्यात मधल्या भिंतीतल्या छोट्या दारातून कुरामोचीबाई आल्या. हातात चहाचा ट्रे, कारण माळी आला आणि दहा वाजले की चहा द्यायचाच असतो, आणि इसोगाईंच्या घरी बाई नाही हे त्यांना माहीत होतं. तेव्हा साहेबांच्या मनातलं इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. ते शिडीवरूनच माफी मागू लागले. पानांबद्दल, झाडूबद्दल, सव्वाचारबद्दल. म्हणाले, फांदी काढली खरी, पण आता निदान तुम्हाला तो त्रास नाही.

बाईंनी ट्रे खाली ठेवला. ‘कसला त्रास?’

‘आमची पानं तुम्ही झाडायचात.’

‘ते होय,’ कुरामोचीबाई म्हणाल्या. ‘मला वाटायचं, माझ्या दारात पानं पडलेली बघून तुम्हाला लाज वाटते. म्हणून तुम्ही यायच्या आत उचलायची. मग तुम्ही आणखी लवकर यायला लागलात. म्हटलं, या माणसाला झोप नाही का. मग मीही घड्याळाला गजर लावला. हिवाळाभर माझी कंबर धरलेली असायची, इसोगाई-सान.’

साहेबांनी खुंटावरचा पट्टा सोडवून हातात घेतला.

‘आणि फांदी,’ बाई पुढे म्हणाल्या, ‘आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही. तुमची भिंत दिसते आणि ती फांदी दिसायची. संध्याकाळी गरम पाण्यात बसलं की मी तिच्याकडे बघत बसायची. म्हणून तर त्या काटक्या मागितल्या. बाटलीत ठेवल्यात. कळ्या फुगल्यात त्यांच्या.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि साहेबांना तेच सोसवेना. बारा वर्षं ज्या बाईचा झाडू त्यांना टोचत होता तिची एवढीशी गंमत त्यांनी मांडीएवढ्या जाडीत कापून टाकली होती. त्यांना खरोखर रडू आलं, पण वय आणि हुद्दा आडवा आला.

तोकिएबाई आल्या त्या याच वेळी. दुपारच्या गाडीने यायच्या त्या सकाळच्याने आल्या. फाटकात बॅग ठेवली आणि उभ्याच राहिल्या. झाडातली फट त्यांना फाटकातूनच दिसली असणार. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आधी कुरामोचीबाईंपुढे पार वाकून माफी मागितली, मग झाडापाशी गेल्या आणि खोडावर तळहात ठेवून थोडा वेळ थांबल्या. घरात एखाद्या लेकराला ताप भरला की ठेवतात तसा. साहेबांना वाटलं, आता आपलं संपलं. नळाचा पट्टा त्यांच्या हातात होता, तो कुठे ठेवावा हेही त्यांना सुचेना.

‘जगेल का?’ तोकिएबाईंनी सेन्बाला विचारलं.

‘जगेल.’

‘आणि ती बाजू?’

सेन्बाने काठीने वर दाखवलं. खुंटाच्या खाली, भिंतीकडे तोंड करून, कोंबाचा एक तांबूस डोळा आला होता. तो वाढवत नेता येईल. दर डिसेंबरात आजूबाजूचं काढायचं, दोरीने हळूहळू वळवायचं, घाई करायची नाही. भिंतीपलीकडे जाऊन पानांचा पसारा व्हायला आठ वर्षं लागतील. तो स्वतः आता वर चढू शकत नाही, पण खाली खुर्ची टाकून बसेल आणि कुठली काटकी ते सांगेल. चढायचं दुसऱ्या कोणीतरी.

‘आठ वर्षं,’ कुरामोचीबाई म्हणाल्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला. ‘म्हणजे मला एकोणनव्वदपर्यंत राहावं लागणार. कटकटच आहे.’ मग कपात चहा ओतत म्हणाल्या, ‘बघते. जमवते.’

‘मलाही पंच्याऐंशीपर्यंत,’ सेन्बा म्हणाला आणि आपल्या गुडघ्यांकडे वैतागून पाहू लागला.

तोकिएबाईंनी आता पहिल्यांदा शिडीकडे मान वर केली. तीन आठवड्यांत नवरा वाळला होता, दाढी वाढली होती, केसांत करवतीचा भुसा होता. सेन्बाने चहा घेतला, कुरामोचीबाईंनी ट्रेवरची बशी उगाच सारखी केली.

‘ऐकलंत ना?’ तोकिएबाई म्हणाल्या. ‘आठ वर्षं. दर डिसेंबरात. मधेच आजारी पडायचं नाही आणि मरायचं तर नावच काढायचं नाही. तुमच्याशिवाय वर चढणारं या घरात दुसरं कोणी नाहीये.’

गळती विभागाने निरोप दिला तेव्हा इसोगाईसाहेबांच्या कार्यावर पाच भाषणं झाली होती, त्यातलं एक तर नगराध्यक्षांचं होतं. ती ऐकताना साहेबांचे डोळे कोरडेच होते. आत्ता मात्र त्यांनी ‘हो’ म्हटलं तेव्हा ते त्यांना स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही.

‘या खाली,’ तोकिएबाई म्हणाल्या, ‘चहा गार होतोय.’

ते उतरायला लागले. सात पायऱ्यांची शिडी, पण त्या दिवशी इसोगाईसाहेबांना तोंड खाली वळवण्याआधी बराच वेळ झाडाकडे बघत थांबावं लागलं.